सासूबाईंसाठी घर बघितलं

मी सासू दिली. लेक देतात तशी दिली. घर बघून, माणसं नेऊन, चारचौघांत बोलणी करून. आमच्या माले गावाच्या अंगाला असं कुणी केलेलं मी तरी ऐकलेलं नाही. सांगायला लागलो की मला बसवत नाही, मी उठून उभा राहतो. सून म्हणते, "आप्पा, बसून सांगा, बीपी वाढंल." वाढू दे की! म्हणून आता लिहायलाच घेतलं. लिहिताना तरी माणूस बसतो.

माझी बायको माघात गेली. तापाचं निमित्त झालं. तिच्यावर मी जास्ती लिहिणार नाही, मला ते जमणार नाही.

ती आईबापाची एकुलती एक. सासरा गेल्यावर तिनं आईला आमच्या घरी आणलं. म्हातारी यायला तयार नव्हती. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं मानणारी बाई ती. बायकोनं तिचं गाठोडं आधी जीपमध्ये टाकलं आणि म्हणाली, "गाठुडं चाललंय, तुला यायचं तर ये." गाठोड्याच्या मागं म्हातारी आली आणि राहिली.

पण राहिली कशी? आमच्यात जावयापुढं सासू डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि तोंडावर बोलत नाही. जावई म्हणजे पाव्हणा. एका घरात इतकी वर्षं राहिलो, पण मामी माझ्याशी सरळ एक शब्द बोलल्या नाहीत. सासूला मी मामी म्हणतो. मी ओसरीवर, मामी आतल्या खोलीत, मधे माझी बायको. आतून आवाज यायचा, "पाव्हन्यांना इचार, भात वाढू का?" मी तिथंच बसलेला, कान शाबूत, तरी बायको माझ्याकडं तोंड करून विचारायची, "भात वाढू का?" मी म्हणायचो, "मामींना म्हनावं, थोडा." मग ती तिकडं तोंड करायची. एकदा वैतागून म्हणाली, "मी काय टेलिफोन हाय का दोघांचा?"

आणि मग टेलिफोनच बंद पडला.

मुलगा आणि सून दोघं पिरंगुटला कंपनीत. सकाळी कंपनीची गाडी येते, दिवेलागणीला सोडते. दिवसभर घरात मी आणि मामी, आणि मधे कुणीच नाही. मामी मांजरीला सांगायला लागल्या, "मने, पाव्हन्यांना सांग, दूध उतू जाईस्तवर बघत बसू नगा." मी गाईला सांगायचो, "कपिले, मामींना इचार, गोळी घेतली का." मांजर काय बोलायची? गाय काय बोलायची? पण निरोप पोचत होते. रात्री सुनेनं विचारलं, "आज काय बोललात दोघं?" तर मी म्हटलं, "मला काय इचारतीस, मांजरीला इचार." ती हसली नाही. घरात तेव्हा कुणी हसत नव्हतं.

उन्हाळ्यात मामी मोरीत पडल्या. भांडं वाजलं, मग काहीच आवाज नाही. मी दारापाशी पळालो. "मामी!" तर आतून आवाज आला, इतका कडक की मी जागेवर थांबलो.

"पाव्हनं, आत यायचं न्हाई! अंगावर कापड न्हाई माझ्या!"

आयुष्यात मामी माझ्याशी सरळ बोलल्या ते हे पहिलं बोलणं. मी दाराबाहेर उभा. आत म्हातारी ओल्या फरशीवर. ती कण्हतेय आणि मी दाराकडं पाठ करून उभा. आत जावं तर तिच्या अब्रूचा प्रश्न, न जावं तर तिच्या जिवाचा. शेवटी मी शेतांकडं बोंबलत सुटलो. बांधावर गवत कापत होती ती शेजारीण हातातला विळा टाकून आली, तिनं मामींना उचललं. हाड मोडलं नव्हतं, नशीब. पण त्या फरशीवर त्या बराच वेळ गारठून पडल्या होत्या, आणि मी दोन हात धडधाकट असून बाहेर होतो. त्या दिवशी मला बायकोचा राग आला. मरायला काय झालं होतं तिला? खरं ते लिहितो.

त्या रात्री मुलगा बोलला. बरेच दिवस पोटात ठेवलं होतं त्यानं.

"आप्पा, पिरंगुटच्या पुढं एक जागा हाय. म्हाताऱ्या मानसांची. बायका ठेवल्यात करायला, नर्स येती. माझ्या कंपनीपासनं जवळ, मी जाता-येता बघीन."

मी ताटावरून उठलो. "तुझ्या आईची आई हाय ती! लोक काय म्हनत्याल? बायको गेली आनि म्हाताऱ्यानं सासू टाकली! वर गेल्यावर तुझी आई मला दारात उभं करनार न्हाई!"

"मग आंघूळ तुमी घालताय का?"

मी खाली बसलो.

सून म्हणाली, "मी सोडते कंपनी." लगेच आतून आवाज आला, "अजाबात सोडायची न्हाई! तुझ्या नोकरीवर माझं मढं ठेवून घेनार न्हाई मी." दिवसभर घरी राहायला बाई बघितली होती आम्ही. आमच्याकडं आता बाई मिळत नाही, जी ती कंपनीत नाहीतर रिसॉर्टवर. मुलगा म्हणाला, तरी पण बघू. मी म्हणालो, बघू म्हणजे काय. असं वाढत चाललं, आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. मामी चौकटीला धरून उभ्या. डोक्यावर पदर, पण तोंड सरळ आमच्याकडं.

"मला कुनी इचारलं का?"

मुलानं ताट बाजूला सारलं.

"मला परकरात दिली. घर कसलं, दार कुठलं, कुनी दावलं न्हाई. माझ्या लेकीला दिली तवा गडी मान्सं हितं आली घर बघायला, आनि मी तितं चुलीम्होरं. परत आल्यावर म्या इचारलं, कसं हाय घर? तर म्हनली, चांगलं हाय, बैल दोन जोड हायेत. बैल! माझी लेक नांदनार हुती का बैल? आता मला कुठं द्यायचं म्हनताय ना? मंग घर मी बघनार. माझ्या डोळ्यांनी. पटलं तर हो म्हनीन, न्हाई पटलं तर मोरीतच मरीन."

आणि दार लावून घेतलं!

मी तुम्हाला काय सांगू, बायको गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या अंगात रक्त फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या चुलत भावाला बोलावलं. त्याची हयात लग्नं जमवण्यात गेली. त्याला सांगितलं, असं असं आहे. त्यानं तपकीर ओढली आणि म्हणाला, "घर बघायचं म्हंजे सांगून जायाचं न्हाई. सांगून गेलं की सारवून ठिवत्यात. आनि धा मान्सं तरी पायजेत, न्हाईतर समोरचा इज्जत देत न्हाई." मुलगा म्हणाला, "तात्या, ते लग्न न्हाई. फोन करून टाइम घ्यायचा असतो." तात्या म्हणाला, "तुझं लग्न मी जमवलं. बायको वाईट निघाली का?" सून तिथंच उभी होती.

तर रविवारी जीप भरून निघालो. पुढं मामी, मांडीवर नारळ. मागं आम्ही. तात्यानं भावकीतली दोन टोपीवाली माणसं आणली होती, त्यांना कुठं चाललोय ते पौड मागं पडेपर्यंत कळलं नव्हतं. एकजण म्हणाला, "मुलगी कुनाची हाय?" तात्या म्हणाला, "पुढं बसलीय." तो पुढं वाकून बघतो तर मामी. त्यानं टोपी सारखी केली आणि मग तोंडच उघडलं नाही.

गेटवर वॉचमन. तात्या खाली उतरला, "आमी घर बघायला आलोय." तो बिहारकडचा पोरगा, म्हणाला, "फ्लॅट आगे है, बाबा. साइट ऑफिस उधर." तात्या म्हणाला, "फ्लॅट न्हाई, घर! नवरी घेऊन आलोय." मुलानं त्याला मागं ओढला आणि स्वतः बोलला. दुपारची झोपायची वेळ होती, आत घेत नव्हते. मग एक मॅडम बाहेर आल्या, सुनेच्या वयाच्या. त्यांनी जीप बघितली, टोप्या बघितल्या, नारळ बघितला.

"आपण एवढे सगळे?"

तात्या म्हणाला, "थोडेच हायेत. घाईत आलो."

मॅडम हसल्या आणि त्यांनी आत घेतलं. तिथंच मला जरा बरं वाटलं. हसल्या नसत्या तर मी जीप फिरवली असती.

मग तात्या सुरू झाला. पाणी कुठलं? विहीर का बोअर? उन्हाळ्यात आटतंय का? जेवायला किती मान्सं, रांधायला किती? मॅडम बिचाऱ्या सगळ्याला उत्तर देत होत्या. मुलगा घामानं भिजला होता. मी मात्र तात्याची एक युक्ती बघत होतो, ती त्यानं मला जीपमध्ये कानात सांगितली होती. कुठल्याही घरी गेलं की पाणी मागायचं आणि पाणी आणणारीचं तोंड बघायचं. तोंड पडलेलं असेल तर त्या घरात बाईला सुख नाही. त्यानं पाणी मागितलं. निळ्या साडीतली एक बाई तांब्या-पेला घेऊन आली आणि तात्याकडं न बघता थेट मामींपुढं गेली. "आजी, आधी तुम्ही घ्या. गार नाही, माठातलंय, घसा धरत नाही." तात्यानं माझ्याकडं बघून मान हलवली.

मामी पाणी प्यायल्या आणि त्या बाईला म्हणाल्या, "आंघूळ कोन घालतं?"

"आम्हीच. बायकाच."

"गडी?"

"गडी मान्सं पलीकडं, आजी. इकडं येत नाहीत."

"दार लावता का उघडं ठिवता?"

"लावतो, पण कडी घालत नाही. तुम्ही पडलात तर?"

मामींनी हे ऐकून घेतलं. काठी उचलली आणि स्वतःच आत चालायला लागल्या. आम्ही सगळे मागं. आधी मोरी बघितली. भिंतीला धरायला नळ्या होत्या, त्या ओढून बघितल्या. मग स्वयंपाकघर. तांदळाच्या डब्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली.

"ह्याला वासच न्हाई. आजाऱ्याला घालायचा भात हाय का जनावराला?"

मॅडम म्हणाल्या, "आजी, सगळ्यांना पचायला हवा ना."

"आमच्या शेताचा इंद्रायनी पाठवू. माझ्यापुरता न्हाई. सगळ्यांना."

मी मागून "पाठवू" म्हणालो. कपिला नव्हती तिथं, थेटच म्हणालो.

मग त्या बायकांच्या खोलीत शिरल्या. चार खाटा. तीन म्हाताऱ्या झोपलेल्या, एक बसून भिंतीकडं बघणारी. मामी तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हा सगळ्यांदेखत, मॅडमदेखत, मोठ्यानं विचारलं,

"काय गं, हितं मारत्यात का?"

मुलगा म्हणाला, "आजी!" मॅडमचा चेहरा उतरला. ती भिंतीकडं बघणारी म्हातारी सावकाश वळली. तिनं मामींना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"मारत न्हाईत," ती म्हणाली. "जेवान बी येळंवर देत्यात. पन ह्या तिघी बहिऱ्या. बोलायला कुनी न्हाई. तू येतीस का?"

मामी तिच्या शेजारच्या खाटेच्या कडेला बसल्या. गादी दाबली. उशी उलटी करून बघितली. आणि मग माझ्याकडं तोंड वळवलं. पदर तसाच डोक्यावर, पण डोळे सरळ माझ्या डोळ्यांत. बायकोचे डोळे! इतकी वर्षं एका घरात असून मला ठाऊकच नव्हतं, कारण त्यांनी कधी वर बघितलंच नव्हतं.

"पाव्हनं, तुमाला काय वाटतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. चांगली जागा होती, खरंच चांगली. पण मला लपवता येत नाही, कधीच आलं नाही.

"मला न्हाई पटत. तुमी गेल्यावर तिच्याबद्दल मी कुनाशी बोलू? पोरांना आई ठावं हाय, पोरगी म्हनून ती तुमालाच ठावं. तुमी बी गेलात तर ती सगळीच गेली."

मामींनी उशी जागेवर ठेवली. म्हणाल्या, "मला समजत न्हाई व्हय? पन मोरीत पडल्यावर मी कुनाला हाका मारू? तुमी दाराभायेर उभं ऱ्हानार. तुमचा दोष न्हाई, माझा बी न्हाई. ती असती तर ती आत आली असती."

सून रडायला लागली. मामींनी तिला हातानं गप्प केलं.

"मी हितं येते. पन ऐका. टाकल्यासारखी टाकायची न्हाई. लेक दिल्यासारखी द्यायची. पंचमीला, दिवाळीला न्यायला यायचं. सांगावा न्हाई, फोन न्हाई, मुराळी यायचा दारात. न्हाई आला तर मी गेटावर बसून बोंब मारीन, ह्या बाईची इज्जत जाईल."

ह्या बाईची म्हणजे मॅडमची. मॅडम म्हणाल्या, "आजी, मुराळी म्हणजे?"

तात्यानं सांगितलं. सासरी दिलेल्या लेकीला सणाला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. भाऊ, नाहीतर चुलता. आणि टोपीवाल्यांपैकी जो मघापासून गप्प होता तो एकदम म्हणाला, "पन मंग हिचं म्हायेर कुठलं?"

मामींनी माझ्याकडं बोट केलं.

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? मी म्हणालो, "मी येतो." मोठ्यानं म्हणालो. झोपलेल्या तिघी बहिऱ्या, तरी त्यांतली एक जागी झाली.

आठवड्यानं त्यांना पोचवायला निघालो तेव्हा दारात सून खण-नारळ घेऊन उभी. मामी मागं सरकल्या. "अगं येडे, मी रांडाव बाई. माझी वटी भरत्यात व्हय?"

सून म्हणाली, "आजी, सासरी चाललीस ना? मोकळ्या वटीनं पाठवायची पद्धत न्हाई आमच्यात."

शेजारणी बघत होत्या. त्यातली एक तोंड वाकडं करणार असं मला वाटलं, पण तीच पुढं आली आणि तिनं एक मूठ तांदूळ मामींच्या पदरात घातले. मग दुसरी. मामींचा पदर जड झाला. मी घरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

त्यांच्या जाण्यानंतर घर कसं होतं ते लिहीत नाही. भातलावणी आली, चिखलात दिवस गेले. पण पंचमी जवळ यायला लागली तसं मला झोप लागेना. मला सख्खी बहीण नव्हती. आयुष्यात मी कुणाचा मुराळी झालो नव्हतो. सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा! मी शर्टाला इस्त्री करून आणली. तात्याला विचारलं, मुराळ्यानं काय न्यायचं? तो म्हणाला, "खाऊ, आनि भरल्या गळ्यानं आई आठवन काढती म्हनायचं." मी म्हणालो, "तिची आई मरून किती वर्षं झाली!" तो म्हणाला, "मंग नुसता खाऊ ने."

मी सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो. बाहेर धो धो. मामी व्हरांड्यात लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या. निळ्या साडीतली बाई म्हणाली, "काल दुपारपासून तयार आहेत." मामी मला बघून म्हणाल्या, "उशीर केला. बाकीच्यांचे आले पन न्हाईत, पन तुमी उशीर केला." आणि शेजारच्या खाटेवरच्या त्या म्हातारीला ओरडून म्हणाल्या, "बघ गं! आला माझा!" ती खिडकीतून बघत होती. मी तिला हात जोडले. तिचं कुणी येणार नव्हतं हे मला बाईनं हळूच सांगितलं. मी खाऊतला अर्धा तिला देऊन आलो.

आता खरं सांगायचं ते हे. घरी आलो. मी माझ्या सवयीनं ओसरीवर बसलो. मामींनी हातपाय धुतले, आणि आत गेल्याच नाहीत! माझ्या समोर, ओसरीवर, खांबाला टेकून बसल्या. डोक्यावर पदर नाही. पांढरे केस मोकळे, ओले, पुसत बसल्या. सुनेच्या हातातली चहाची कपबशी तशीच राहिली.

मी खाली मान घातली. मामी म्हणाल्या, "काय झालं? म्हायेरी कुनी पदर घेतं व्हय?"

आणि बोलायला लागल्या. मांजर नाही, गाय नाही, थेट! बायको लहानपणी रानात करवंदाच्या जाळीत शिरायची आणि ओरबाडून यायची ते. बापाबरोबर डोंगरावर गेली आणि परत येताना कोल्ह्याचं पिल्लू घेऊन आली ते. आणि मी बघायला गेलो त्या दिवसाचं. मला माझा त्या दिवशीचा सदरा आठवतो, बाकी काही नाही. मामी म्हणाल्या, ती धान्याच्या कणगीच्या मागून मला बघत होती. मी घाबरून कढत चहा बशीत न ओतता प्यायलो, तोंड भाजलं, आणि तरी "लई ग्वाड" म्हणालो. ती आत पळत आली आणि आईला म्हणाली, "आई, येडा हाय. मला चालंल."

मी हसलो. इतका हसलो की शेजारीण बघायला आली. पाच-सहा महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसत होतं आणि तो मी होतो. मामी बी हसत होत्या, तोंडावर हात न घेता. सून दाराला टेकून म्हणाली, "आप्पा, बशीत चहा ओतून देऊ का?" आणि मला परत सुरू झालं.

असं सण होईपर्यंत चाललं. दिवस-दिवस बोललो आम्ही. इतकी वर्षं एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहून जे झालं नाही, ते त्यांना घराबाहेर पाठवल्यावर झालं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला जोड्यानं मारलं असतं.

मी म्हणालो, अजून राहा. जन्माष्टमीपर्यंत राहा. पण मामी एका सकाळी गाठोडं बांधून बसल्या. "सोडा मला. ती बया माझ्याबिगर जेवत न्हाई. भिताडाकडं तोंड करून बसली असंल."

मला राग आला. "मामी, घर हितं हाय तुमचं!"

"म्हायेर हितं हाय," मामी म्हणाल्या. "घर तितं. लेक दिल्यावर असंच असतं, पाव्हनं. तुमी कुनाला दिली न्हाई म्हनून तुमाला ठावं न्हाई."

जीपमध्ये त्या पुढं बसल्या आणि ड्रायव्हरला सारखं "हाण जरा" म्हणत होत्या. गेटापाशी उतरल्या, तांदळाची पिशवी निळ्या साडीवालीकडं दिली, पदर डोक्यावर घेतला आणि काठी टेकत आत गेल्या. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, कुणाला तरी "जेवलीस का गं?" म्हणून खडसावत होत्या.

माहेराहून परत जाताना लेक रडते, आणि मुराळी तिला धीर देतो. आमच्यात उलटं झालं. मी गेटाबाहेर जीपला धरून हमसून हमसून रडलो, आणि ड्रायव्हर म्हणत होता, "काका, दिवाळी काय लांब हाय का?"